पांढऱ्या सुताचं मखर

श्रावण वद्य प्रतिपदा, १९६३

काल नारळी पुनव झाली. सगळ्या सारसोळ्याच्या होड्या रंगल्या, माळा घालून खाडीत उतरल्या, आणि आमची होडी आपली पालथी, झावळ्यांखाली. विचारलं तर म्हणे लाकूड गेलंय. मी नावड्याची, भातशेतीतली, मला होडीतलं काय कळतंय? पण ठोकून बघितली तर चांगली खणखणीत वाटली बाई.

गोवर्धन आज जेवताना म्हणाला, "यंदा गनपती आपल्या घरी बसवू." (वहीत मी नवऱ्याचं नावच लिहिणार. इथं कोण येतंय अडवायला?) दोन वर्षं आमचा गणपती शेजारी, चुलतसासू गंगूकाकींकडे बसतोय. सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "बसव. तुजा बाप आला तर त्याला बरं वाटंल."

सासऱ्यांना मी अजून पाहिलेलं नाही. हिरामण तांडेल. मोठ्या गलबतावर गुजरातला असतात म्हणे. दोन वर्षं! पोटच्या पोराच्या लग्नाला आले नाहीत, विधींना गंगूकाकी आणि धर्माकाका बसले. मी तर थक्कच झाले होते. कसला तो मालक जो मुलाच्या लग्नाला सोडत नाही, आणि कसला तो बाप जो मालकाला न जुमानता येत नाही? आल्यावर पाया पडेन, पण मनातून नाही.

तरी घर असं सजवणार आहे की त्या माणसाला वाटावं, उगाच लांब राहिलो. शाळेत हस्तव्यवसायात माझा पहिला नंबर असायचा. आमच्या सगुणाबाई म्हणायच्या, "जमुना, तुझ्या हाताला घर लागलं की बघ." लागलंय घर. कुडाच्या भिंती, धुरानं काळ्या. सगळीकडं सुक्या बोंबलांचा वास. घाबरते का काय मी?


श्रावण वद्य चतुर्थी

भिंतींना चुना दिला. इथं चुना कुठं विकत आणायचा, शिंपल्या भाजून घरीच करतात. काथ्याचा कुंचला केला, थोडी नीळ टाकली, एकटीनं ओटी आणि माजघर पांढरंफेक करून टाकलं. सासूबाई बाजारातून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मना वाटला दुसऱ्याच्या घरान शिरले." मी खूश.

संध्याकाळी धर्माकाका येऊन भिंतीला टेकून बसले, तासभर गप्पा मारल्या आणि गावभर पाठीवर आमची भिंत घेऊन फिरले. चुन्यात सरस घालायचा असतो हे मी साफ विसरले! सासूबाई हसल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं.

उद्या सरस घालून पुन्हा.


श्रावण वद्य सप्तमी

शी शी शी. 

खाडीच्या काठानं शंख-शिंपल्या वेचल्या, बारक्या, नक्षीच्या. टोपलीभर. भोकं पाडून त्यांचं दाराला तोरण केलं, मध्ये मध्ये लाल लोकर. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! दोन दिवस येणारा-जाणारा बघत होता आणि मी मिरवत होते. आज पहाटे जाग आली ती वासानं. मला वाटलं घरात उंदीर मेला. सगळं घर हुंगलं. गोवर्धननं दाराकडं बोट दाखवलं. त्या शंखांत जीव होते! एकेकात एकेक, सगळे मेलेले आणि सडलेले. कोळ्याच्या घरात असली चूक कुणी पोरही करत नाही. नावड्याची भातवाली सूनच करू जाणे.

गंगूकाकी नाक धरून म्हणाल्या, "उकळून घ्यायच्या व्हत्या गं बाय. तुज्या म्हायेरी शेंगा सोलत नाय का?"

सासूबाई उठल्या. तोरण काढून राखेत पुरलं आणि वर गोवऱ्या ठेवल्या. मग मला म्हणाल्या, "देवाघरी गेली ती. सोड." मला वाटतं त्या मनानं चांगल्या आहेत. फक्त रोज दिवेलागणीला खाडीवर जाऊन उभ्या राहतात तेवढं मला कळत नाही. सासरे येणार असतील तर पनवेलच्या वाटेनं येतील ना, एसटीनं?

हे मी गोवर्धनला बोलून दाखवलं. तो उठूनच गेला. विचित्रच माणूस.


भाद्रपद शुद्ध द्वितीया

मखर! परवा गणपती आणि मखर अजून नाही.

कामट्यांचा सांगाडा चांगला झालाय, खांब-कमान सगळं. पण कागद! पतंगी कागदाच्या झिरमिळ्या, जाळ्या, करंज्यांसारखी फुलं, तीन दिवस कातरत बसले होते. काल रात्रभर पाऊस. सकाळी बघते तर सगळा कागद मेलेल्या माशासारखा लोंबतोय, आणि लाल रंग माझ्या पांढऱ्या भिंतीवरून खाली ओघळलाय. मी मटकन खालीच बसले. रडलेसुद्धा. सगुणाबाईंनी शिकवलं तेव्हा खाडीकाठच्या ओल्या हवेचं काही सांगितलं नव्हतं.

गोवर्धन म्हणाला, "कागद नको लावू. मी काय तरी देतो." काय ते सांगत नाही.


भाद्रपद शुद्ध तृतीया, दुपार

झालं! झालं मखर! माझा हरताळकेचा उपास आहे, पोटात काही नाही, पण पाय जमिनीवर नाहीत.

सासूबाई सकाळी टोपली घेऊन बेलापूरच्या बाजाराला गेल्या. गोवर्धन ठाण्याच्या रस्त्याला कारखान्याचं बांधकाम चाललंय तिथं कामाला जातो, पण आज गेला नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर तो आढ्यावर चढला, पार वरती, कौलांखाली, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन उतरला. बराच वेळ हातात धरून उभा होता. मी म्हटलं, "दाखवा तरी." सोडलं तर आत पांढरंशुभ्र सुती जाळं! पाण्यात एकदाही न गेलेलं, अर्धंच विणलेलं. "पडून सडतंय," म्हणाला. "घे. काप."

मी म्हटलं, "इतकं चांगलं सूत? आये काय म्हनतील?"

"काय नाय म्हननार."

"तुमी तरी धरा, मी कापते." त्यानं धरलं नाही. बाहेर जाऊन होडीपाशी बसला.

मी कातरी चालवली. बाई गं, काय दिसतंय! कमानीला जाळ्याच्या चुण्या, प्रत्येक घरात एक चमकी, खाली झालर. कागदानं झक मारली. जाळ्याच्या टोकाला विणायची लाकडी सुई अडकलेली होती, गुळगुळीत, हातानं झिजलेली. ती चमकी चिकटवायची खळ पसरायला छान उपयोगी पडली.

आता सासूबाई येतील. पैज लावते, पुन्हा हसतील.


तीच तारीख, संध्याकाळ

हसल्या नाहीत.

दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर टोपली तशीच, टोपलीतलं पाणी खांद्यावर गळतंय, त्यांना भान नाही. मी म्हणाले, "आये, कसं झालंय?" त्या मखराकडे बघत होत्या. ओरडल्या असत्या, मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सुई कुटं हाय?"

मी खळीच्या भांड्यातली सुई काढून दिली. पीठ लागलेली. त्यांनी ती पदरानं पुसली, मग पाण्यानं धुतली, मग परत पुसली. आणि विचारलं, "कोनी काडला जाला?"

मी गोवर्धनकडे पाहिलं. तो दारात होता. सांगेल म्हणून मी वाट बघितली.

तो म्हणाला, "मना काय म्हायत? मी घरान नवतो. तिनंच काडला आसंल."

मला पहिल्यांदा वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. इतकं धडधडीत खोटं! माझ्यासमोर!  सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टोपली उतरवून मागीलदारी गेल्या.

मी मखर उपटायला धावले तर मागीलदारातूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. देवासाठी लावलंस, आता काडायचा नाय."

माझं काय चुकलं? एक अर्धवट जाळं कापलं, एवढंच ना? आणि हा माणूस खोटं का बोलला? लग्नाला चार महिने झाले नाहीत आणि मी कुणाच्या घरात येऊन पडले आहे?


भाद्रपद शुद्ध चतुर्थी

गणपती बसले. आरती झाली. सगळं गाव मखर बघून गेलं. येतात, हात जोडतात, मखराकडे बघतात आणि गप्प होतात. एका म्हातारीनं तर तोंडावर हातच घेतला.

शेवटी गंगूकाकींना मी विहिरीवर गाठलं. म्हटलं, सांगा, नाहीतर मी इथंच बसते. त्यांनी घागर खाली ठेवली.

कसलं गुजरात! कसलं गलबत! दोन वर्षांपूर्वी न्हाव्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी होडी उलटली; गावच्या माणसांनीच ती ओढून आणली. सासरे गेले. अंग मिळालं नाही. होडीत दोघंच होते, बाप आणि लेक. लेक तेवढा परत आला.

"आनि घरान येऊन आयला सांगितलान, बाबा गुजरातच्या गलबतावर चढले," गंगूकाकी म्हणाल्या. "एकोनीस वर्सांचं पोर, भेदरलेलं. तोंडातून तेवढंच निघालं. आमी म्हनलं, आज नाय उद्या सांगंल. उद्या झालं, परवा झालं. मग तुजी सासू, पुतळावहिनी, कुंकू लावून बाजारान जायला लागली, आनि कोनाची छाती झाली नाय बोलायची."

"आणि जाळं?"

"हिरामनभावजी विनत व्हते ते. निगताना बोलले, आल्यावर पुरा करतो. वहिनीनं तसाच गुंडाळून वर ठेवलान. बोलायची, त्याचा काम अर्दा हाय, तो आल्याबिगर ऱ्हानार नाय."

 मी त्या सुईनं खळ ढवळली! आणि माझं सासर, माझं लग्न, सगळं जुळवताना कुणी मला हे सांगितलं नाही? गंगूकाकी हळूच म्हणाल्या, "तुज्या बापाला म्हायत हाय, बाय." माझ्या बापाला! एवढा मोठा धक्का मला कालही बसला नव्हता. सगळ्यांना माहीत. गावाला, नावड्याला, खाडीला. मी एकटी तेवढी सासऱ्यांवर रागावून बसले होते, मेलेल्या माणसावर.


भाद्रपद शुद्ध षष्ठी

काल गोवर्धनला होडीपाशी धरलं. बाजूनं माणसं जात होती, जाऊ देत. म्हटलं, "माझ्या हातून का?"

तो होडीवरच्या झावळ्या सारख्या करत राहिला. मग म्हणाला, "मी कापला असता तर आयनं इचारला असता, का कापलास. मग सांगायला लागला असता. तू कापलास तर ती आपसूक समजंल, असा वाटला. तू परकी. तुला म्हायत नाय. तुजा राग नाय करनार ती."

"म्हनजे मी तुमची कातरी?"

त्यानं मान खाली घातली. मला दयाही आली आणि असा संताप आला की हातातला हंडा त्याच्या डोक्यात घालावा. दोन्ही एकदम येतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आयला जाऊन सांगा, जालं तुमीच काडलंत. निदान तेवडं तरी." मान हलवली. पण गेला नाही.

आज मीच सासूबाईंसमोर बसले. त्या गौरीसाठी तेरड्याची पानं निवडत होत्या. मी म्हटलं, "आये, मला खरंच ठाऊक नव्हतं."  नवऱ्याची चुगली करायची तरी कशी?

त्या पानं निवडतच राहिल्या. म्हणाल्या, "तुजी उंची केवडी नि आडं केवडं. मना डोळं नाय काय?"

मी रडायलाच लागले. त्यांनी माझ्याकडे न बघता तेरड्याची जुडी माझ्या हातात दिली. "गौर सजव. तुला चांगलं येतं ते." मी गौर सजवली. मुखवट्याला नथ घातली, मागं केवड्याची पात लावली. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. त्यांच्या कपाळावरचं कुंकू आज नेहमीपेक्षा मोठं होतं, की मला तसं वाटलं?


गौरी-गणपती गेले

विसर्जनाला मखरावरचं जाळं सासूबाईंनी स्वतः सोडवलं, चमक्यांसकट, आणि गणपतीबरोबर पाण्यात द्यायला धर्माकाकांच्या हाती दिलं. गोवर्धनच्या नाही. सुई ठेवून घेतली.

तो गुडघाभर पाण्यापलीकडे गेला नाही. आता मला कळतं, पालथ्या होडीच्या लाकडाला काय झालंय ते.

आज त्या खाडीवर उभ्या राहायला गेल्या नाहीत. घरातच बसल्या, दाराकडे पाठ करून. मला त्याची जास्तच भीती वाटतेय. बाई स्वतःला काही करून घेणार तर नाही ना? मी नजर हलवत नाही.


भाद्रपद वद्य प्रतिपदा

पितृपक्ष सुरू झाला. जे आज घडलं ते मला जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे.

सकाळीच धर्माकाका आणि गंगूकाकी आले. बराच वेळ पावसाचं बोलले. मग धर्माकाका म्हणाले, "वहिनी, यंदाच्या पक्षात... पान वाडायला पायजे."

"कोनाचा?" सासूबाई म्हणाल्या.

 धर्माकाका गोवर्धनकडे बघतात, गोवर्धन जमिनीकडे.

सासूबाई उठल्या. आतून वरवंटा आणला, गोवर्धनच्या पुढ्यात ठेवला, आणि त्याच्यासमोर बसून दोन्ही हात पुढं केले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"फोड."

गंगूकाकी ओरडल्या, "वहिनी, आगं काय करतंस? ते बायकांचं काम, मी..."

"तू गप. तो फोडंल." आणि गोवर्धनला म्हणाल्या, "जाला बायकोच्या हातून कापलास. आता आयचं कुंकू पुसायलाबी दुसऱ्याची पोर लागते का रे तुला? फोड."

मी भिंतीला चिकटून उभी होते. त्यानं वरवंटा उचलला. तो हातातून निसटून खाली पडला. परत उचलला. मग त्यानं तो बाजूला ठेवला आणि लहान पोरासारखं भोकाड पसरून म्हणाला, "आये, बाबा येनार नाय गं. बाबा नाय येनार."

 दोन वर्षांत ते वाक्य या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. मला वाटलं आता या बाई कोसळणार. मी धरायला पुढं झाले.

त्या म्हणाल्या, "म्हायत हाय मना."

पुढं केलेले हात मी मागं घेतले. धर्माकाकांचं तोंड उघडं राहिलं.

"तू दारान आलास तवाच म्हायत व्हता. समद्या अंगाला चिखल, पायान त्याची वहान. आनि बोलतंस गुजरातला गेला! मी काय येडी हाय?" आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा येत होता. "मी बोलले, माजा पोर घाबरलाय. सांगंल. त्यानं सांगितल्याबिगर मी माज्या तोंडानं कसा बोलू? मी रडले असते तर तुजा खोटा उगडा पडला असता, आनि परत तू मना तोंड दाखवला नसतास. नवरा गेलाच व्हता. म्हनून रोज कुंकू लावला. रोज खाडीवर गेले. वाट त्याची नवते बगत. तुजी बगत व्हते."

मग विचारलं, "सांग आता. शेवटी काय बोलला तो?"

त्यानं सांगितलं. मांडीवर डोकं ठेवून, हुंदके देत, सगळं. ते मी इथं लिहिणार नाही, ते त्या दोघांचं आहे. इतकंच लिहिते की दोष त्याचा नव्हता. पाण्यात धरलेला हात सुटतो, आणि सोडला असं माणसाला जन्मभर वाटत राहतं.

सासूबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच एकेक बांगडी काढून वरवंट्याशेजारी ठेवली. एकही फुटली नाही. पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. गंगूकाकी ऊर बडवून रडत होत्या, धर्माकाका बाहेर तोंड करून उभे होते, आणि सबंध घरात डोळे कोरडे फक्त सासूबाईंचे.

त्या माझ्याकडे वळल्या. तसं कोरं कपाळ मी पहिल्यांदाच बघत होते.

"जमुना, पान वाड त्याचा. दोन वर्सं उपाशी हाय माजा मानूस."

मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.